आईला कुणी विचारले होते का?

एखादा विनोदी कार्यक्रम पाहून झाला की आमच्या घरात त्यावर फारशी चर्चा होत नाही. हसू आले असेल तर त्यातली दोन-चार वाक्ये पुन्हा म्हटली जातात, आले नसेल तर मंडळी जांभया देत उठतात. ज्या कार्यक्रमात विनोदकार मध्येच थांबून स्वतःच्या आयुष्यातली झाकून ठेवलेली एखादी गोष्ट उघड करतो, त्याचे मात्र तसे होत नाही. तो संपल्यावर टीव्ही बंद होतो आणि वादाला तोंड फुटते. अशा कबुली देणाऱ्या स्टँड-अप स्पेशलविषयी, म्हणजे एकट्या विनोदकाराच्या चित्रित केलेल्या प्रयोगाविषयी, जे लिहिले जाते, त्यात बहुतेक वेळा सांगणाऱ्याच्या धाडसाचे कौतुक असते. मला ऐकणाऱ्यांचे कुतूहल अधिक वाटते. पैसे मोजून हसायला आलेल्या माणसासमोर अचानक कुणाचे तरी घर उघडे पडते, तेव्हा तो काय करतो आणि तसेच का करतो, याचा विचार मी बरेच दिवस करत आहे.

आमचा प्रेक्षकवर्ग लहान, पण सोलापूरला शोभेल असा मिश्र आहे. शाळेतून निवृत्त झालेल्या माझ्या वहिनी, पुण्यात अभियांत्रिकी शिकणारा आणि सुटीत घरी येणारा माझा पुतण्या, औषधांचे दुकान चालवणारा एक जुना मित्र आणि शेजारच्या अक्का. अक्कांचे सासर पूर्व भागातले, तेलुगू बोलणारे. घरात पूर्वी टॉवेलचे यंत्रमाग होते. मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी या चारही भाषांत त्या भांडू शकतात, इंग्रजी मात्र बेताचे आहे. त्यामुळे इंग्रजी कार्यक्रम असला की पुतण्या त्यांच्या शेजारी बसतो आणि मधूनमधून अर्थ सांगतो.

आमच्याकडचा सर्वांत मोठा वाद अमेरिकी विनोदकार जेरॉड कारमायकल यांच्या ‘रोथॅनियल’वरून झाला. एचबीओ या अमेरिकी वाहिनीने तो कार्यक्रम एप्रिल २०२२ मध्ये प्रसारित केला. न्यूयॉर्कच्या ब्लू नोट या जॅझ क्लबात त्याचे चित्रण झाले असून दिग्दर्शन बो बर्नम यांचे आहे. मोठ्या नाट्यगृहाचा भपका त्यात नाही. कारमायकल बहुतेक वेळ खुर्चीवर बसून, हलक्या आवाजात बोलतात आणि प्रेक्षक इतके जवळ आहेत की कुणालाच आवाज चढवावा लागत नाही. सुरुवातीला घरातल्या पुरुषांच्या बाहेरच्या संबंधांची हकिकत येते. आजोबांच्या आणि वडिलांच्या भानगडींविषयी सारे कुटुंब कसे गप्प राहिले, हे ते हसवत सांगतात. मग आयुष्यभर लपवलेले स्वतःचे पहिले नाव येते, तेच कार्यक्रमाचे शीर्षक. त्यानंतर आपण समलिंगी आहोत हे ते सांगतात आणि क्लबात टाळ्या होतात. दुसऱ्या कुणी येथे कार्यक्रम आटोपता घेतला असता, कारण कबुली झाली, टाळ्या झाल्या, सर्वांना हलके वाटले. कारमायकल तेथे थांबत नाहीत. आपल्या धर्मनिष्ठ आईला हे पचलेले नाही, याविषयी ते बोलू लागतात आणि बोलता बोलता पाठ केलेला मजकूर संपून गेल्यासारखे अडखळतात. तेव्हा प्रेक्षकांतून कुणीतरी प्रश्न विचारते. ते उत्तर देतात. मग दुसरे कुणी धीर देते, तिसरे आणखी काही विचारते. एरवी स्टँड-अपच्या प्रयोगात मध्ये बोलणाऱ्या प्रेक्षकाची विनोदकार चांगलीच खरडपट्टी काढतो. येथे मात्र बोलणाऱ्याला कुणी गप्प बसवत नाही.

उपशीर्षके लावून पाहणाऱ्यांना एक गोष्ट नेहमी जाणवत असेल. पडद्यावरची ओळ आवाजाच्या किंचित आधी येते, त्यामुळे विनोद असला की आमच्या खोलीतला हशा तिकडच्या हशाच्या आधी फुटतो आणि मग तिकडचे लोक हसू लागले की आम्ही उगाचच पुन्हा एकदा हसतो. या वेळी हशाऐवजी शांतता आधी आली. क्लबातली मंडळी अजून मागच्या वाक्यावर रेंगाळत होती आणि आम्ही पुढचे वाक्य वाचून गप्प झालो होतो. वहिनींनी चष्मा काढून पदराने पुसला. अक्का ओळीकडे न पाहता पुतण्याच्या तोंडाकडे पाहत होत्या. त्याने आईचा भाग समजावून सांगितला, तेव्हा त्या म्हणाल्या, “हे समदं लोकांत सांगायच्या आधी आईला कुणी इचारलं होतं का?”

पुतण्या चिडला. “अक्का, मुद्दा तो नाहीच आहे.”

“मग कुठला हाय?”

त्याला चटकन उत्तर देता आले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही देता आले नसते. त्याचे म्हणणे असे की ज्या मुलाला आयुष्यभर गप्प बसवले गेले, त्याने बोलण्यासाठी पुन्हा घरच्यांचीच परवानगी काढायची असेल तर तो कधीच बोलणार नाही. हे त्याचे म्हणणे बरोबर आहे. पण अक्कांचा प्रश्नही चुकीचा नव्हता. त्या कार्यक्रमात मंचावर एक माणूस होता, समोर काही माणसे होती, आणि ज्यांच्याविषयी बोलणे चालले होते ती आई, ते वडील, ते आजोबा मात्र बोलण्यापुरतेच हजर होते. त्यांची बाजू मांडायला तिथे कुणी नव्हते. अशा कार्यक्रमांवर प्रेक्षकांत जी फूट पडते, ती मला तेव्हापासून निराळी दिसू लागली आहे. विनोद किती जमला यावर ती पडत नाही. ऐकताना आपण मनाने कुणाच्या शेजारी जाऊन बसतो, त्यावर ती पडते. पुतण्या कारमायकल यांच्या शेजारी बसला होता, वहिनी त्या क्लबातल्या प्रश्न विचारणाऱ्यांच्या शेजारी, आणि अक्का थेट त्या न दिसणाऱ्या आईच्या घरी जाऊन बसल्या होत्या.

हे तपासून पाहावे म्हणून मी पुढे मुद्दाम निरनिराळे कार्यक्रम लावले. अमेरिकी विनोदकार टिग नोटारो यांनी ३ ऑगस्ट २०१२ रोजी लॉस एंजेलिसच्या लार्गो या क्लबात मंचावर येऊन नमस्कार केला आणि त्याच दमात आपल्याला कर्करोग झाल्याचे सांगितले. निदान होऊन काही दिवसच झाले होते. तो प्रयोग ध्वनिमुद्रणाच्या रूपात उपलब्ध आहे, आणि चित्र नसल्यामुळे प्रेक्षकांकडे कान अधिक जातो. आधी लोक हसतात, कारण हा विनोदच असणार असे त्यांनी धरलेले असते. मग हशा विरळ होतो, कुणी हुंदका देते, कुणी अजूनही हसत राहते, आणि नोटारोच प्रेक्षकांची समजूत घालू लागतात. एका क्षणी त्या विचारतात की नेहमीचे साधे विनोद सांगू का, तेव्हा एक जण ओरडून नको म्हणतो, हेच चालू ठेवा म्हणतो. त्या एका ओरडण्याने सगळ्या प्रेक्षकांच्या वतीने परवानगी दिली गेली, असे मला वाटते. अक्कांना येथे काहीच आक्षेप नव्हता. “रोग तिचा, तोंड तिचं,” असे म्हणून त्या चहा ठेवायला उठल्या.

ऑस्ट्रेलियन विनोदकार हॅना गॅड्सबी यांच्या ‘नॅनेट’वर आमच्यात जो खल झाला, तो मात्र वेगळ्या दिशेने गेला. हा कार्यक्रम २०१७ साली एडिंबरा येथील विनोद महोत्सवात सर्वोत्कृष्ट ठरला, पारितोषिक जॉन रॉबिन्स यांच्याबरोबर विभागून मिळाले, आणि जून २०१८ मध्ये नेटफ्लिक्सवर आल्यावर तो जगभर पाहिला गेला. त्यात बसथांब्यावरचा एक प्रसंग सुरुवातीला विनोद म्हणून येतो: एक माणूस गॅड्सबी यांना पुरुष समजून, आपल्या मैत्रिणीला छेडता काय म्हणून अंगावर धावून येतो, आणि समोर बाई आहे हे कळल्यावर ओशाळून मागे फिरतो. प्रेक्षक मनमुराद हसतात. बऱ्याच वेळाने तोच प्रसंग पुन्हा येतो आणि या वेळी पुढचे सांगितले जाते. तो माणूस परत आला होता, त्याने मारहाण केली होती, आणि ती कुणी थांबवली नव्हती. पहिल्यांदा हसलेल्या प्रेक्षकाला आता आपला तो हशा परत घेता येत नाही. ताण निर्माण करून विनोदाने तो सोडवणे हे आपले काम होते, यापुढे हा ताण तुमचा तुम्ही सांभाळा, अशा अर्थाचे बोलून गॅड्सबी प्रेक्षकांना तसेच ठेवतात.

“हा विनोद नाही, हे व्याख्यान आहे,” अशी तक्रार त्यावर पुष्कळांनी केली. आमच्या औषधवाल्या मित्राची तीच तक्रार होती. मी तिला हसण्यावारी नेणार नाही. हसवण्याचे वचन देऊन बोलावलेल्या माणसाला जाणीवपूर्वक हसू न देणे, हा त्या कार्यक्रमाचा गाभाच आहे, तेव्हा ज्याला ते टोचले त्याला कार्यक्रम पोहोचलाच म्हणायचा. फक्त त्याला तो आवडला नाही, आणि न आवडण्याचा त्याला हक्क आहे. वहिनींनी मात्र शिक्षिकेच्या नजरेने पाहिले. वर्गात एकदा मनापासून रागावल्यावर लगेच गोड बोलू नये, मुलांना थोडा वेळ तसेच बसू द्यावे, नाहीतर रागावणे वाया जाते, असे त्या म्हणाल्या. पुढे २०२० मध्ये गॅड्सबी यांचा ‘डग्लस’ हा कार्यक्रम नेटफ्लिक्सवर आला, त्यात त्यांनी आरंभीच आज काय काय होणार आहे याची यादी प्रेक्षकांना सांगून टाकली. मागच्या वेळी अंगावर आलेल्या तक्रारींना दिलेले ते मिश्कील उत्तर होते.

घरी बसून पाहणाऱ्याने एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. स्पेशल म्हणून आपल्यापर्यंत जे येते, त्यात प्रेक्षकांचा प्रतिसादही घडवलेला असतो. प्रेक्षकांच्या दिशेने वेगळे माइक लावलेले असतात, पुष्कळदा दोन प्रयोग चित्रित करून त्यांतले सरस ते निवडले जाते, आणि कोणता हशा किती वेळ राहू द्यायचा हे संकलनाच्या वेळी ठरते. म्हणून रडणारा चेहरा पडद्यावर आला की मी जरा सावध होतो. कबुलीच्या मध्यावर होणाऱ्या टाळ्यांचा तर मला मनस्वी कंटाळा आहे. बोलणाऱ्याचा घसा दाटला रे दाटला की लोक टाळ्या वाजवतात, आणि टाळ्या वाजल्या की त्या क्षणाची पुढची वाट बंद होते. जणू ऐकणाऱ्याने आपल्या वाट्याचे देणे देऊन टाकले. कारमायकल यांच्या क्लबातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्यावरही प्रश्न विचारले, हे त्यांचे वेगळेपण.

मराठी प्रेक्षकाला हा प्रकार अंगावर येतो, याचे एक कारण आपल्या सवयीत आहे. एकटा माणूस मंचावर उभा राहून हसवतो, हे आपल्याला नवे नाही. पु. ल. देशपांडे यांचे एकपात्री प्रयोग ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले नाहीत त्यांनीही ध्वनिफितींवरून पाठ केले आहेत. पण ‘असा मी असामी’मधला ‘मी’ धोंडो भिकाजी जोशी असतो. तो स्वतःची कितीही फजिती सांगो, पु. ल. मागे सुखरूप असतात आणि ऐकणाराही सुखरूप असतो. याउलट जेथे ‘मी’ खराखुरा आहे, अशी कबुली आपल्याकडे आली ती बहुतांशी पुस्तकांतून. आमच्याच जिल्ह्यातल्या अक्कलकोट तालुक्यातील हन्नूर गावचे शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ १९८४ साली आले; त्यात आईविषयी, बापाच्या नावाविषयी आणि भुकेविषयी जे लिहिले आहे, ते वाचताना माणूस एकटा असतो. आजूबाजूला कोण हसते, कोण गप्प आहे, हे पाहायची सोय नसते. पुस्तक मिटून ठेवता येते, चार दिवसांनी पुन्हा उघडता येते. मंचावरच्या कबुलीला ही सवड नाही. तिथे शेजारच्या खुर्चीत ओळखीचा माणूस असतो आणि त्याच्यासमोर आपल्याला लगेच काहीतरी करावे लागते.

सोलापुरात तर ही ओळख फारच जवळची असते. शहर लहान नाही, पण हुतात्मा स्मृती मंदिरात नाटकाला गेलेला माणूस मध्यंतरात चहापर्यंत पोहोचेतो निम्म्या रांगेशी बोललेला असतो. होटगी रस्त्यावरच्या एका कॅफेत पावसाळ्यात ओपन माइक, म्हणजे हौशी मंडळींनी पाच-पाच मिनिटे मंचावर येऊन बोलण्याचा कार्यक्रम, झाला, तेथे मी पुतण्याबरोबर गेलो होतो. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मध्येच घरघरणारे कॉफीचे यंत्र, आणि बहुतेक विनोद वाहतुकीवर, लग्नाच्या स्थळांवर किंवा शेंगाचटणी पुण्याला नेण्यावर. एक मुलगा मात्र वडिलांविषयी बोलला. वडील यंत्रमागावर कामाला होते, कारखाना बंद पडला आणि ते पिऊ लागले. रात्री घरी येताना आईला चाहूल लागू नये म्हणून ते गल्लीच्या तोंडाशीच चपला काढून हातात घेत आणि अनवाणी येत. पण गल्लीतल्या कुत्र्याला त्यांचा इतका लळा की ते भुंकत भुंकत दारापर्यंत सोडायला येई. मग आईने हळूहळू घड्याळाकडे पाहणेच सोडले, कुत्र्यावरून तिला वेळ कळे. लोक खूप हसले. नंतर त्याने सांगितले की एका रात्री कुत्रे भुंकले आणि आवाज दारापर्यंत आलाच नाही. आई बॅटरी घेऊन निघाली, तर वडील गल्लीच्या तोंडाशी चपला मांडीवर घेऊन बसलेले, कारण कोणते घर आपले ते त्यांना आठवत नव्हते.

हसणारे थांबले. काही जण खाली पाहू लागले, दोघा-तिघांनी मोबाइल काढला. मुलाकडे पुढचे वाक्य तयार होते हे दिसत होते, पण या शांततेने तो बिचकला. तेवढ्यात मागच्या रांगेतून पन्नाशीच्या एका गृहस्थांनी विचारले, “आता कसे आहेत रे बाबा?”

मुलाने डोळे बारीक करून पाहिले. “बरे आहेत की काका. तुम्ही दोघांनी बसायचं बंद केल्यापासून लईच बरे आहेत.”

त्या रात्री सर्वांत मोठा हशा यावर झाला. गृहस्थही हसले, रुमालाने कपाळ पुसत हसले, आणि लोक मागे वळून त्यांच्याकडे पाहू लागले. तो हशा मी पुष्कळदा आठवून पाहिला आहे. ज्या माणसाने सहानुभूतीने प्रश्न विचारला, तोच गोष्टीतले एक पात्र निघाला, आणि हे कळताच आपण सगळे बाहेरचे आहोत हा आमचा समज थोडा हलला. न्यूयॉर्कमधल्या क्लबात प्रश्न विचारणारे अनोळखी होते. त्यांना विचारायला काही खर्च आला नाही. आमच्याकडच्या गृहस्थांना आला. बाहेर पडताना ते मुलाला म्हणाले, “मी आलो होतो म्हणून घरी सांगू नको.” बाहेर चहाच्या गाड्यावर नेहमीप्रमाणे दोन तट पडले. बापाची अशी लक्तरे वेशीवर टांगू नयेत, असे एक जण तावातावाने सांगत होता. कॉलेजातली एक मुलगी म्हणाली की आमच्याकडे कुत्रे नाही, बाकी सगळे तेच आहे. मी त्या मुलाला अक्कांचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, “पप्पांना कुत्र्यापर्यंतचं ठाऊक आहे. पुढचं नाही.”

हे उत्तर मला प्रामाणिक वाटले. सगळेच सांगितले पाहिजे असा आग्रह धरणारे प्रेक्षकही असतात आणि त्यांचा मला त्रास होतो. अमेरिकी विनोदकार जॉन मुलेनी यांचा ‘बेबी जे’ एप्रिल २०२३ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. व्यसनापायी आपण काय काय केले, हे त्यात ते हसवून हसवून सांगतात: अमली पदार्थांच्या पैशांसाठी १२,००० डॉलरचे घड्याळ विकत घेऊन त्याच दिवशी ते ६,००० डॉलरला विकले, ही त्यातली एक हकिकत. ती सांगून झाल्यावर ते प्रेक्षकांना बजावतात की लक्षात ठेवा, ही मी सांगायला तयार असलेली गोष्ट आहे. लोक हसतात, पण त्या हशात थोडी धास्ती असते. त्यांचा विवाह त्याच सुमारास मोडला होता आणि त्याविषयी ते फारसे बोलत नाहीत, म्हणून अनेक चाहते रागावले. मला उलट वाटते. जिथे दुसरे माणूस गुंतलेले आहे तिथे तोंड मिटले, तर ती कबुलीतली त्रुटी म्हणता येणार नाही.

ते न पाळल्यावर काय होते, हे भारतीय वंशाचे अमेरिकी विनोदकार हसन मिन्हाज यांच्या बाबतीत दिसले. त्यांच्या ‘होमकमिंग किंग’मध्ये (२०१७) शाळेच्या नृत्यसमारंभाच्या संध्याकाळी गोऱ्या मैत्रिणीच्या दारात पोहोचल्यावर, वंशभेदापोटी आपल्याला कसे नाकारले गेले, हा प्रसंग आहे आणि तो ऐकताना भल्याभल्यांच्या घशात आवंढा येतो. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘न्यूयॉर्कर’ या नियतकालिकाने लेख छापला, त्यात त्या मुलीचे म्हणणे आले की आपण काही दिवस आधीच नकार कळवला होता, आणि या कार्यक्रमामुळे तिची ओळख पटून तिच्या कुटुंबाला इंटरनेटवर धमक्या सोसाव्या लागल्या. आपल्या गोष्टींत सत्तर टक्के भावनिक सत्य आणि उरलेली अतिशयोक्ती असते, असे मिन्हाज यांनी त्या लेखात सांगितले होते. पुढच्याच महिन्यात त्यांनी चित्रफीत काढून सविस्तर उत्तर दिले: दारातला प्रसंग रचलेला होता, नाकारण्यामागचे कारण मात्र खरे होते. औषधवाल्या मित्राने यावर जे म्हटले ते मला कुठल्याही समीक्षेपेक्षा पटले. तो म्हणाला, “खोट्या गोष्टीवर मी हसलो असतो तर काही वाटलं नसतं. हसायलाच बसलो होतो. पण मी त्याच्यासाठी हळहळलो होतो, आणि त्या पोरीला मनात शिव्या दिल्या होत्या. त्या शिव्या आता कुणाला परत देऊ?”

झाकिर खान यांच्या ‘तथास्तु’वर मात्र आमच्याकडे अजिबात वाद झाला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये प्राइम व्हिडिओवर आलेला हा कार्यक्रम हिंदीत असल्याने अक्कांना दुभाष्या लागला नाही. आजोबा, थोर सारंगीवादक उस्ताद मोइनुद्दीन खान, यांच्याशी असलेले नाते, त्यांच्या अपेक्षा आणि नातवाची धडपड, हे ऐकताना आमच्या खोलीत सगळ्यांचे डोळे भरून आले. जे हजर नाहीत त्यांची मान या गोष्टीत उंचच राहते, सांगणारा स्वतःला त्यांच्यापुढे लहान करतो, आणि म्हणून ‘विचारले होते का’ असे म्हणायची वेळ येत नाही. कार्यक्रम सुरेखच आहे. पण त्या एकमताची मला थोडी शंकाही येते. घरातल्या मोठ्यांपुढे डोके टेकवणारी कबुली आपल्याला चटकन गोड लागते. तेच डोके वर करून कुणी बोलू लागले की आपल्याला शिष्टाचार आठवतात.

आता हा प्रश्न आमच्याच घरात आला आहे. पुढच्या ओपन माइकसाठी पुतण्याने पाच मिनिटांचा मजकूर लिहिला आहे. दुसऱ्या वर्षी त्याचे विषय राहिले, हे त्याने काही महिने घरी लपवले. कळल्यावर वहिनींनी ते गल्लीपासून लपवले. आणि सुटी नसताना तो घरी का आहे असे शेजारपाजारी विचारू लागले तेव्हा त्यांना सांगितले की कॉलेजचा प्रोजेक्ट चालू आहे. तो भाग मला तर फार विनोदी वाटला. या वेळी त्याने आपण होऊन कागद आईच्या हातात दिला. वहिनींनी लाल पेनाने दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारले, ‘प्रोजेक्ट’ खोडून वर ‘इंटर्नशिप’ लिहिले, कारण त्यांनी तसेच सांगितले होते, आणि त्या रात्री बाबा काय बोलले त्याविषयीचा परिच्छेद आडव्या रेघेने काढून टाकला. पुतण्याचे म्हणणे आहे की त्या परिच्छेदावाचून शेवटचा विनोद कळणारच नाही. वहिनींचे म्हणणे आहे की मग बाबांना वाचायला दे. माझा भाऊ गड्ड्याच्या यात्रेतही गर्दी टाळणारा माणूस. कागद तीन दिवस त्याच्या टेबलावर पेपरवेटखाली पडून आहे, आणि त्याने तो वाचला आहे की नाही, हे आम्हांपैकी कुणालाही सांगता येत नाही.